किल्ली कुणाकडे होती?

विषय निघाला डिस्कवरून आणि गेला खुनावर. आमच्या कट्ट्यावरच्या डिस्कवाल्याने (तोच पिक्चर तो पुन्हा पुन्हा विकत घेतो) 'द फ्युजिटिव्ह'ची फोर-के डिस्क आणली. सिनेमा १९९३चा, तिशी भरली म्हणून २०२३मध्ये निघालेली आवृत्ती. गोष्ट अशी: डॉक्टर किंबलच्या बायकोचा घरात खून होतो, शिक्षा किंबललाच होते, आणि रेल्वेच्या धडकेत निसटून तो खऱ्या मारेकऱ्याला शोधत पळत राहतो.

"विशी भरली तेव्हा २०१३ची ब्लू-रे पण घेतली होतीस," वकील म्हणाला. "आता चाळिशीचे पैसे बाजूला काढ."

"लेका, ती रेल्वेची धडक बघ आधी! खरी गाडी आपटलीय, मॉडेल नाही. सांगाडा नॉर्थ कॅरोलायनात डिल्सबोरोला रुळांशेजारी तसाच ठेवून गेले."

"धडक झकास. पण गोष्टीला भोक आहे त्याचं काय? मारेकरी आला किंबलला मारायला ना? मग किंबल हॉस्पिटलात असताना हा घरात काय करत होता?"

"वाट बघत होता. किंबलला ऐनवेळी ऑपरेशनला बोलावलं, ते ह्याला कोण कळवणार? बायको आधी पोचली आणि सापडली."

"बरं, आत शिरला कसा? दार फोडलेलं नाही. त्यात बायकोने फोनवर नवऱ्याचं नाव घेतलेलं. ज्यूरीला आणखी काय पाहिजे?"

इथे मी वकिलाच्या बाजूने. मी हा पिक्चर पहिल्यांदा पाहिला तो घासलेल्या व्हीएचएस टेपवर, मग दोनदा टीव्हीवर, आणि दाराचं काही सांगितलेलंच नाही हे मी पैजेवर सांगितलं असतं.

"लाँड्री," डिस्कवाला म्हणाला आणि हसला. त्याचं ते हसणं डोक्यात जातं.

शेवटी हॉटेलच्या लाँड्रीत मशिनं धडधडताहेत, वाफ कोंडलीय, आणि टॉमी ली जोन्सचा जेरार्ड, म्हणजे किंबलच्या मागावरचा मार्शल, ओरडून सगळा हिशोब मांडतो: त्या रात्री तुझ्या मित्राने, डॉक्टर निकोल्सने, तुझी गाडी नेली होती, तुझ्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या, गाडीतूनच त्याने मारेकऱ्याला फोन केला. माझ्या टेपवर तिथे नुसती घरघर होती. रात्री डिस्कवाल्याकडे सबटायटल लावून पाहिलं, तीन-चार वाक्यांत कुलूप उघडलं. वर्षानुवर्षं मी पटकथेला शिव्या घालत होतो, दोष आवाजाचा होता.

दुसऱ्या दिवशी वकील नवीन कलम घेऊन हजर. "मग गाडी दिली होती हे किंबल कोर्टात का बोलला नाही?"

"मित्राला दिलेली गाडी कोण मोजतो? पळत असतानाही त्याने निकोल्सकडूनच पैसे घेतले, म्हणजे विश्वास बघ."

"गाडीच्या फोनचं बिल बचावाच्या वकिलाने मागवायला नको होतं?"

डिस्कवाला पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, "त्याच्या जागी तू असतास तर मागवलं असतंस?"

"मी आधी फी मागितली असती."

फोनच्या बिलावर अजून भांडण चालू आहे. डिस्क मात्र सध्या वकिलाकडे आहे, आणि तो ती परत करायचं नाव काढत नाही.