यशोदा-कृष्णाचं चित्र : माझ्याच मेसेजची दुरुस्ती

मंडळी, परवा रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर मीच एक मेसेज टाकला होता : ‘राफाएलनं मेरी आणि बाळ येशूचं चित्र राजा रविवर्मांच्या यशोदा-कृष्णावरून उचललं.’ तो चुकीचा आहे. न तपासता पाठवला, माफ करा.

साध्या सनावळीतच तो कोसळतो. इटालियन चित्रकार राफाएल १५२० साली वारला, रविवर्मांचा जन्म १८४८चा. मेसेजमधलं चित्र, ज्यात खाली दोन पंखवाली बाळं हनुवटीला हात लावून रेललीत, ते ‘सिस्टीन मॅडोना’. पोप दुसरा ज्युलियस यानं १५१२मध्ये इटलीतल्या पिआचेंझाच्या चर्चसाठी ते काढायला सांगितलं. आज ते जर्मनीत ड्रेस्डेनला आहे.

आता कुणी उलटा मेसेज काढू नका की रविवर्मांनीच चोरलं! तैलरंगाची युरोपीय रीत त्यांनी घेतली हे खरं, पण यशोदेच्या मांडीवरचा कृष्ण आपल्याकडे फार जुना. दूध पाजणाऱ्या यशोदेची बाराव्या शतकातली चोळ कांस्यमूर्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिकडे इजिप्तमध्ये आपल्या बाळाला, होरसला, पाजणारी इसिस देवी तर येशूच्याही आधीची. आई आणि मांडीवरचं मूल, हे सुचायला कुणाची नक्कल कशाला लागते? (आमच्या आजीच्या देवघरात रविवर्मा छापाची तसबीर होती, म्हणून मला जरा जास्तच भरून आलं असावं.)

मूळ मेसेज मी काढलाय. तुम्ही पेठेतल्या, तालमीच्या ग्रुपवर पुढं पाठवला असेल, तर तिथंही काढा आणि हा खुलासा टाका.