पिको 2 मध्ये ‘चार कोअर’? अर्धंच खरं

‘रास्पबेरी पाय पिको 2 मध्ये चार कोअर आहेत, म्हणजे जुन्या पिकोच्या दुप्पट कामं एका वेळी होतात,’ असा मेसेज फिरतोय. कोअर म्हणजे चिपमधला, प्रोग्रॅमच्या सूचना चालवणारा भाग. ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावरच्या आरपी2350 चिपमध्ये दोन आर्म कॉर्टेक्स-एम33 आणि दोन हॅझार्ड3 रिस्क-फाइव्ह (कोअरच्या दोन वेगळ्या जाती) असे चार कोअर आहेत खरे. पण एका वेळी चालतात दोनच. कोणते, ते चिप सुरू होताना ठरतं. दोन्ही जातींचा एकेकही घेता येतो (हौस असेल तर!). पिको 2 वेगवान आहेच, पण कारणं वेगळी: एम33 हा जुन्या पिकोतल्या एम0 प्लस कोअरपेक्षा तगडा, अपूर्णांकांच्या आकडेमोडीला हार्डवेअरची साथ, रॅमही 264 ऐवजी 520 किलोबाइट. आणि त्या दोनांतला दुसरा कोअर? प्रोग्रॅममधून उठवल्याशिवाय तो झोपलेलाच असतो.