‘नैराश्याचं जनुक’ सापडलेलं नाही, त्यापायी स्थळ मोडू नका

‘शास्त्रज्ञांना नैराश्याचं जनुक सापडलं. घराण्यात आजार असेल तर मुलांना होणारच. सोयरीक जुळवण्याआधी डीएनए चाचणी करा.’ व्हॉट्सॲपवर हा मजकूर फिरतोय. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत.

जनुक सापडलं? असा गाजावाजा आधीही झालाय. 1987 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत बायपोलर आजाराचा (ज्यात कधी नैराश्य, तर कधी उन्माद येतो) धागा अकराव्या गुणसूत्रावर मिळाल्याचं जाहीर झालं. दोनच वर्षांत, तोवर निरोगी धरलेले दोन जण आजारी पडले, आणखी नातेवाईक तपासले गेले आणि पुरावा ढासळला. मग 2003 मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या 847 तरुणांवरून सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकावर बोट ठेवलं गेलं. त्यावर वर्षानुवर्षं शोधनिबंध निघाले. 2019 मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर ते आणि तसलीच 17 नावाजलेली जनुकं पारखली, तर कुठलीही जनुकं उचलून घ्यावीत त्याहून ती वेगळी निघाली नाहीत. 2025 मध्ये 29 देशांतल्या सुमारे 6 लाख 88 हजार रुग्णांच्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेले जवळपास 700 जनुकीय फरक मिळाले. प्रत्येकाचा वाटा अगदी चिमूटभर.

‘होणारच’ हे तर क्रूर आहे. आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांत नैराश्यासाठी तो सुमारे 37 टक्के निघतो. पण तो समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा हिशेब आहे, तुमच्या मुलीच्या नशिबाचा नव्हे. आई किंवा वडिलांना बायपोलर असला तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना तो होत नाही. नैराश्याचा धोका मात्र वाढतो, हेही सांगायला हवं.

आणि चाचणी? कुणाला आजार होईल हे सांगणारी चाचणी आज नाही. शेकडो फरकांची बेरीज करून जो गुणांक काढतात, त्यामागची माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आपल्याकडे तो आणखी कमी लागू पडतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत अनेक जण आजारी असलेल्या भारतीय कुटुंबांचा अभ्यास चालतो, पण लग्नं मोडायच्या भीतीनं घरंच गप्प बसली तर नमुने कोण देणार?

त्या गप्प बसण्याची किंमत रुग्ण मोजतो. घरात बायपोलर आहे हे लपवलं आणि उदास मुलाला नुसती नैराश्याची गोळी सुरू झाली, तर काहींमध्ये उन्माद उफाळतो. एखाद्याला लिथियम हे बायपोलरवरचं औषध लागू पडलं असेल, तर त्याच्या आजारी नातलगालाही ते लागू पडण्याची शक्यता जास्त असते. ‘घरात कुणाला होतं का?’ असं डॉक्टर विचारतात ते यासाठी. मावशीला होतं, तर मावशीला होतं म्हणून सांगा, आणि तिला कुठलं औषध चाललं तेही.