फळीवरचा भाव ‘अंदाजासाठी’ नसतो

गेल्या महिन्यात इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश आला. मग तोच नाशिकरोडच्या मावशीकडून आला, सिडकोतल्या मैत्रिणीकडून आला आणि अंबडला कंपनीत असलेल्या भावानेही पाठवला. मजकूर असा: सुपरमार्केटमध्ये फळीवर लावलेला भाव आणि बिलात लागलेला भाव वेगळा निघाला तर वाद घालत बसू नका. कायद्याने कॉम्प्युटरमधला भावच खरा, फळीवरची पट्टी फक्त अंदाजासाठी असते. रक्कम एमआरपीच्या आत असेल तर तक्रार होऊच शकत नाही. फरक दिसतो तो जीएसटीचा. एकदा पैसे दिले की दुकान ते परत द्यायला बांधील नाही. आणि पाच-दहा रुपयांसाठी वकील लावून हजारो रुपये कशाला घालवायचे?

ऐकायला हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो इतका फिरतोय. पण त्यातला एक मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि बाकीचे चूक आहेत. पगार झाल्यावर यादी घेऊन जाणारी, मनातल्या मनात बेरीज करत ट्रॉली भरणारी माणसं हा संदेश वाचून गप्प बसतील, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

अर्धा बरोबर असलेला मुद्दा आधी. दुकानात मांडलेला माल हा कराराच्या भाषेत विक्रीचा प्रस्ताव नसतो, ते ग्राहकाला दिलेलं आमंत्रण असतं. प्रस्ताव ग्राहक काउंटरवर करतो आणि दुकान तो स्वीकारतं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९५३ साली बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या खटल्यात हे सांगितलं आणि कायद्याचे विद्यार्थी ते आजही शिकतात. म्हणजे फळीवर १८९ रुपये लिहिलंय म्हणून १८९लाच विका, अशी सक्ती निव्वळ कराराच्या कायद्याने करता येत नाही. इथपर्यंत मान्य.

पण हाच विचार एक पाऊल पुढे न्या. १८९ची पट्टी वाचून मी तेलाची पिशवी काउंटरवर ठेवते, तेव्हा माझा प्रस्ताव १८९चा असतो. मशीन १९८ म्हणालं, तर तो दुकानाने सांगितलेला नवा भाव झाला. तो मला कळायला हवा आणि मी त्याला हो म्हणायला हवं. मागे रांग लागलेली असते, चाळीस वस्तू भराभर स्कॅन होत असतात, आपण पिशव्या भरत असतो. त्या वेळी कोण कुणाला विचारतं? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘तक्रार’ म्हणजे काय ते कलम २(६) मध्ये दिलंय. वस्तूवर किंवा तिच्या वेष्टनावर छापलेल्या भावापेक्षा जास्त घेणं त्यात आहे, तसंच दोन पक्षांमध्ये ठरलेल्या भावापेक्षा जास्त घेणंही आहे. फळीवरच्या पट्टीचं नाव त्या कलमात नाही, हे खरं. पण मी कोणत्या भावावर ती वस्तू उचलली, याचा पुरावा त्या पट्टीशिवाय दुसरा कोणता असणार? शिवाय वस्तूचा भाव काय हे कळण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम २(९) मध्ये ग्राहकाला दिलेला आहे. अंदाज कळण्याचा हक्क, असं तिथे म्हटलेलं नाही.

एमआरपीचा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, त्यामुळे तो नीट पाहू. एमआरपी ही वरची मर्यादा आहे. पॅकबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांनुसार कोणताही किरकोळ विक्रेता त्याहून जास्त घेऊ शकत नाही, आणि कुणी घेतलं तर ती तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते. पण त्या मर्यादेच्या आत दुकानाने काहीही लिहावं आणि काहीही घ्यावं, असा त्याचा अर्थ होत नाही. एमआरपीनेच घ्यायचं असतं, तर गल्लीतल्या वाण्याकडे काय वाईट होतं? तो तर वहीवर लिहून महिन्याने पैसे घेतो. माणूस गाडी काढून मोठ्या दुकानात जातो तो एमआरपीपेक्षा कमी भाव दिसतो म्हणून. दोन कंपन्यांच्या तुरडाळीपैकी एक उचलतो, तीही फळीवरचे दोन आकडे ताडूनच. निर्णय तिथेच, फळीपाशी होतो. सवलतीच्या भावाची जाहिरात करायची आणि त्या भावाने माल द्यायचा नाही, याला कलम २(४७) ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणतं. आणि ‘जाहिरात’ या शब्दात या कायद्याने सूचना आणि लेबलसुद्धा धरलंय. फळीवरची ती पिवळी ऑफरची पट्टी सूचना नाही तर काय आहे?

कॅरीबॅगचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. खरेदी झाल्यावर थेट काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २२ डिसेंबर २०२० रोजी एका मोठ्या साखळीच्या विरोधात ठरवलं. माल निवडण्याआधीच ग्राहकाला किंमत माहीत असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. पिशवीला लागू होणारा विचार तेलाला का लागू होऊ नये?

‘कॉम्प्युटरमधला भाव खरा’ या वाक्यामागे एक गैरसमज आहे. भाव त्या काळ्या रेघांमध्येच कोरलेला असतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. साबणावर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर जो तेरा आकडी बारकोड असतो (आपल्याकडच्या कंपन्यांचा बहुधा ८९० ने सुरू होतो), त्यात फक्त वस्तूचा क्रमांक असतो. त्या क्रमांकापुढे कोणता भाव दाखवायचा हे दुकानाच्या यादीत कुणीतरी भरलेलं असतं. साखळी दुकानात ही यादी मुख्य कार्यालयातून बदलते, बऱ्याचदा रात्रीतून. फळीवरच्या पट्ट्या मात्र दुकानातली मुलं सकाळी हाताने बदलतात. एखादी रांग राहते, एखादी पट्टी शेजारच्या वस्तूखाली सरकते, काल संपलेली ऑफर आजही लटकत राहते. आणखी एक घोळ आपल्याकडचा खास आहे. जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल एकाच वेळी फळीवर असतो आणि दोघांचा बारकोड एकच. मग बिलिंगच्या पडद्यावर दोन एमआरपी येतात आणि कॅशियरला त्यातली एक निवडावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तेव्हा असा दुहेरी माल सगळीकडेच होता. फक्त दुकानात मोजून मिळणाऱ्या सुट्या मालाच्या चिठ्ठीचं वेगळं. काट्यावरून निघणाऱ्या त्या बारकोडमध्ये वजन किंवा रक्कम खरोखरच असते.

सांगायचं हे, की कॉम्प्युटरमधला आकडाही माणसानेच भरलेला आणि पट्टीही माणसानेच लावलेली. दोन्ही दुकानाचीच. त्यांचा मेळ बसला नाही तर त्याचा भुर्दंड ग्राहकाने का सोसायचा? काउंटरवरच्या मुलीवर मात्र आवाज चढवू नका, भाव ती ठरवत नाही.

चुका होणारच, हे मलाही कळतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने त्यावर २०११च्या कायद्यात सरळ उपाय ठेवलाय: लिहिलेल्यापेक्षा जास्त भाव स्कॅन झाला तर ग्राहकाला फरक परत, आणि वर फरकाच्या दहापट रक्कम, कमीत कमी एक डॉलर आणि जास्तीत जास्त पाच. आपल्याकडे अशी तरतूद नाही. असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जीएसटीचं एका ओळीत: एमआरपी सगळ्या करांसह असते, फळीवरचा भावही ग्राहकाने द्यायचा भाव म्हणूनच लावलेला असतो, आणि बिलाच्या खाली जो जीएसटी वेगळा छापतात तो त्या भावातूनच फोड करून दाखवलेला असतो.

आता पैसे परत मिळण्याचं. वर जे तेलाचं उदाहरण दिलं ते माझंच आहे. शेंगदाणा तेलाच्या पिशवीचे नऊ रुपये जास्त लागलेले मला रात्री घरी बिल तपासताना दिसले. दुसऱ्या दिवशी गेले. मॅनेजर म्हणाले, “सिस्टिमला हाच भाव आहे, मॅडम.” मी त्यांना फळीपाशी नेलं. १८९ची पट्टी तिथेच होती. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं, तर ती पट्टी ओढून काढली आणि खिशात घातली. सुदैवाने तोवर माझा फोटो काढून झाला होता. फोटो दाखवल्यावर नऊ रुपये मिळाले. “पट्टी बदलायची राहिली होती,” असं तेच म्हणाले. मग मी विचारलं, कालपासून या पिशव्या आणखी किती जणांनी नेल्या? त्यावर उत्तर मिळालं नाही.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी किंवा बिलावरची ओळ इथे आड येत नाही. मी माल परत देत नव्हते, जास्त घेतलेले पैसे मागत होते. घेतलेली रक्कम परत करायला लावण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला याच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ खाली आहे.

राहिला खर्चाचा धाक. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. वकील लागत नाही, स्वतः बोलता येतं. दुकानाचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की बंगळुरूत, आपण नाशिकला राहतो म्हणून नाशिकच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. ऑनलाइनही दाखल करता येते, त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा असली तरी प्रत्यक्षात वेळ लागतो, हे लपवणार नाही. म्हणून नऊ रुपयांसाठी पहिली पायरी आयोगाची नाहीच. पैसे देण्याआधी काउंटरवर थांबवा. नाही ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीकडे पाठवली जाते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आणि एकाच दुकानात हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर तो तुमच्या एकट्याच्या नऊ रुपयांचा प्रश्न राहत नाही. अनेक ग्राहकांच्या वतीने एकाने तक्रार करायची सोय कलम ३५ मध्ये आहे, त्याला आयोगाची परवानगी लागते. ग्राहकांच्या मोठ्या गटाचे हक्क डावलले जात असतील तर कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते आणि ते चौकशी करू शकतात. आमच्या सोसायटीतल्या चार घरांनी आता फळीचे फोटो आणि बिलं एकत्र ठेवायला सुरुवात केलीय. बिलाचाही फोटो त्याच दिवशी काढतो, कारण त्या गुळगुळीत कागदावरची शाई काही महिन्यांत उडून जाते.