शिडी शून्याखाली का उतरत नाही?
क्वांटम दोलकाच्या (स्प्रिंगवरच्या वजनासारख्या हेलकावणाऱ्या, पण क्वांटम नियम पाळणाऱ्या प्रणालीच्या) ऊर्जेच्या शिडीवरचा तुमचा लेख छान, पण ‘लोअरिंग ऑपरेटर लावला की दोलकाची ऊर्जा एच-बार ओमेगाने कमी होते’, म्हणजे ही गणिती क्रिया दोलकाला बरोबर एक पायरी खाली नेते, इथेच तुम्ही थांबलात. मग उतरत उतरत ऊर्जा ऋण का होत नाही? कारण तळाच्या अवस्थेवर तो लावला की अवस्थाच उरत नाही, उत्तर थेट शून्य येतं. आणि त्या तळाशीही अर्धा एच-बार ओमेगा शिल्लक असतोच.

एन क्रमांकाच्या पायरीवरून एक पायरी वर चढताना येणारा ‘एन अधिक एक’च्या वर्गमुळाचा गुणक तर तुम्ही गाळलाच की हो! खरी गंमत तिथेच आहे. प्रकाशाच्या बाबतीत एन ही आधीच असलेल्या प्रकाशकणांची संख्या; गुणकाचा वर्ग केला की त्यातला एन म्हणजे उद्दीपित उत्सर्जन, आधीच्या प्रकाशामुळे अणूने प्रकाश सोडणं (लेझर त्यावरच चालतो), आणि उरलेला एक म्हणजे उत्स्फूर्त उत्सर्जन, अणूने आपणहून प्रकाश सोडणं. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकने १९२७ मध्ये हे मांडलं. हायड्रोजन अणूच्या ऊर्जेच्या पायऱ्या मात्र दोलकाच्या पायऱ्यांसारख्या समान अंतरावर नसतात.