"एवढीच शिक्षा?" असं लिहिण्याआधी

निकालाची कुठलीही बातमी उघडा आणि खाली कॉमेंट्स वाचा. फक्त सात वर्षं? भर चौकात फाशी द्या, त्याच्या वकिलालाही द्या, जजची चौकशी करा. मग एखादा शहाणा येऊन लिहितो की जनता ही अशीच रक्ताला चटावलेली असते, शिक्षेबद्दल लोकांना विचारायचंच नसतं. मला दोन्ही पटत नाही, आणि दुसरं तर जास्तच खटकतं, कारण लोकांना नीट विचारायला जे गेले त्यांच्या हाती भलतंच काहीतरी लागलंय.

१९८० च्या दशकात कॅनडात अँथनी डूब आणि ज्युलियन रॉबर्ट्स या दोन गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांनी काय केलं, की एकाच खटल्याची, एकाच शिक्षेची माहिती लोकांना दोन प्रकारे दिली. काहींना पेपरातली बातमी, काहींना कोर्टाच्या कागदपत्रांवरून केलेला सारांश. बातमी वाचलेल्या बहुतेकांचं मत, शिक्षा कमी झाली. कागदपत्रं वाचलेल्यांमध्ये असं म्हणणारे थोडेच निघाले, उलट बऱ्याच जणांना ती जास्त वाटली. लोक काही वेगळे नव्हते हो, वाचायला काय दिलं तेवढंच वेगळं होतं.

ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये तर थेट ज्युरींनाच विचारलं. ज्युरी म्हणजे कायदा न शिकलेले तुमच्या-आमच्यासारखे लोक, पण अख्खा खटला समोर बसून ऐकलेले. आरोपीला दोषी ठरवल्यावर, जज किती शिक्षा देतात हे कळायच्या आधी, तुम्ही किती द्याल असं विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणांनी जजपेक्षा सौम्य शिक्षा सुचवली. नंतर जजनी किती दिली आणि का दिली ते वाचायला दिल्यावर सुमारे ९० टक्के म्हणाले, बरोबर आहे. आणि गंमत पुढेच आहे, याच लोकांना जनरल प्रश्न टाकला की हल्ली हिंसक गुन्ह्यांना शिक्षा पुरेशी होते का, तर बरेच जण म्हणाले छे, कमीच होते! म्हणजे स्वतः ऐकलेल्या केसमध्ये जज बरोबर, आणि न ऐकलेल्या बाकी सगळ्या केसेसमध्ये चूक.

म्हणून सर्व्हेत "गुन्हेगारांना कडक शिक्षा व्हावी का" विचारून ८० टक्के हो आले म्हणून त्याला जनमत म्हणणं मला पटत नाही. गुन्हेगार म्हटल्यावर डोळ्यासमोर सगळ्यात भयंकर बातमीतला माणूस येतो, दुकानातून चोरी करणारा येत नाही. आणि कायदा मात्र दोघांवर चालतो.

कॅलिफोर्नियात नेमकं हेच झालं. १९९३ मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीला घरातून पळवून मारलं, मारणारा आधीच शिक्षा भोगून पॅरोलवर सुटलेला. लोक पेटले, आणि ते पेटणं साहजिकच होतं. १९९४ मध्ये सुमारे ७२ टक्के मतदारांनी 'थ्री स्ट्राइक्स'ला मत दिलं, म्हणजे आधीचे दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसऱ्या कुठल्याही फेलनीला (म्हणजे तिथल्या कायद्यातल्या मोठ्या गुन्ह्याला), हिंसा असो नसो, किमान २५ वर्षं ते जन्मठेप. मग त्यात तीन गोल्फ क्लब चोरणारा एक माणूस सापडला. २५ ते जन्मठेप! २००३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम ठेवली. असे लोक तुरुंगात कुजताना दिसायला लागल्यावर २०१२ मध्ये त्याच राज्यात परत मतदान झालं आणि सुमारे ६९ टक्के लोकांनी तो कायदा सौम्य केला. हीच जनता का ती रक्ताला चटावलेली?

खूप जुनं उदाहरणही आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये फाशीच्या गुन्ह्यांची यादी वाढत वाढत दोनशेच्या वर गेलेली. घरातून ४० शिलिंगांची चोरी केली तरी फाशी. तर ज्युरी काय करायचे, चोरलेला माल उघड उघड महागाचा असला तरी त्याची किंमत शपथेवर ३९ शिलिंग लावायचे. कायदा कडक, पण समोर जिवंत माणूस उभा असला की फाशीच्या दोरापर्यंत त्याला न्यायला लोकांचं मन धजायचं नाही.

आता दुसरी बाजू. लोकांचा राग दरवेळी अज्ञानातूनच येतो असं मी अजिबात म्हणत नाहीये. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक पॉल रॉबिन्सन वगैरेंच्या अभ्यासात दिसलंय की नेहमीच्या गुन्ह्यांमध्ये कुठला जास्त वाईट, कुठला कमी, हा क्रम लावताना वेगवेगळ्या थरांतले लोक आश्चर्य वाटावं इतके एकमत असतात. भांडण होतं ते वर्षांच्या आकड्यावर. त्यामुळे पैशाच्या अफरातफरीला दहा वर्षं आणि एखाद्याला मारून कायमचं अपंग करणाऱ्याला दोन, असं झालं तर लोक चिडणारच आणि चिडलंच पाहिजे, तिथे "तुम्हाला कायदा कळत नाही" हे उत्तर चालणार नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला तर फाईल वाच म्हणून सांगायला मी जाणारच नाही, त्याचा राग वेगळा आहे.

माझा वाद आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांशी आहे. बेकारिया हा इटालियन विचारवंत १७६४ मध्ये लिहून गेला की शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती नक्की होणार का, याची जरब जास्त असते, आणि आजचे अभ्यासही साधारण तेच सांगतात. पण किती केसेसमध्ये आरोपी सापडलाच नाही, किती तपास अर्धवट राहिले, यावर चिडून कोणी लिहिताना दिसतं का? आकडा वाढवा म्हणणं सोपं, तपासाला माणसं आणि पैसा द्या म्हणणं कंटाळवाणं.

इंग्लंडमध्ये २०२२ पासून क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात त्या कोर्टात, शिक्षा सुनावताना जज काय कारणं देतात ते कॅमेऱ्यावर दाखवायला परवानगी आहे. फक्त जज दिसतात, साक्षीदार नाहीत, पीडित नाहीत. असं सगळीकडे व्हायला हवं, आणि सोबत साध्या भाषेत पानभर कारणंही. तेवढं पान वाचूनही कोणाला फाशीच हवी असेल तर जरूर लिहा, मग आपण खरंच वाद घालू.