म्हणे दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली!

शाळेच्या ग्रुपवर आज सकाळी एस्टरहाझींचा तो फॉरवर्ड परत आला. हंगेरीतलं बडं उमराव घराणं, प्रिन्स मिक्लोशच्या पदरी संगीतकार हायडन. १७७२ साली महालातला मुक्काम लांबला, वादक घरी जायला आसुसले. मग हायडनने अशी सिम्फनी रचली की शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून निघून जातो. प्रिन्स काय ते समजला, सगळ्यांना घरी सोडलं. खाली आपल्याच एका मित्राची कमेंट: "मालक असावा तर असा!"

डोकंच फिरलं. अरे बाबांनो, वादकांनी बायकापोरांना त्या महालात आणायचं नाही, हा हुकूम त्याच वर्षी त्याच मालकाने काढला होता! हायडन धरून चार-पाच जणांना सूट, बाकीच्यांचे संसार तिकडे आयझेनश्टाटला, घराण्याच्या मूळ मुक्कामाच्या गावी.

फेर्टोडचा तो महाल मी आईला दाखवलाय. १२६ खोल्या. गाइड झुंबरं दाखवत होती, आई मान डोलवत होती. मध्येच मला म्हणाली, "विचार ना तिला, वाजवणाऱ्यांच्या बायका कुठे राहायच्या?" विचारलं. गाइड हसली आणि पुढच्या दालनात गेली.

आई असं का विचारते, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबा लालबागला गिरणीत, ही अकरा वर्षं गावी सासूजवळ. गणपतीला चार दिवस, शिमग्याला जमलं तर.

बरं, एस्टरहाझींचा पैसा नसता तर हायडनला इतकी वर्षं हाताशी ऑर्केस्ट्रा मिळाला नसता. मान्य. पण १७६१चा करार वाचा. पांढरे मोजे घालून रोज दोनदा बाहेरच्या दालनात हजर व्हायचं, आज वादन आहे का विचारायला. हायडनने! आणि १७९०मध्ये मिक्लोश गेल्यावर मुलाने ऑर्केस्ट्राच मोडीत काढला.

असो. त्या घराण्यानेही भोगलं. १६५२ला वेझेकेनीला तुर्कांशी लढताना एकाच दिवशी चार एस्टरहाझी पडले. पुढे १९४५ला जमिनी गेल्या, मग प्रिन्स पालला कम्युनिस्टांनी तुरुंगात टाकलं, ते १९५६च्या उठावात सुटला. तुरुंगात गेला तेव्हा लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती, बायको बॅले नर्तकी.

महालातून बाहेर पडताना हे आईला सांगितलं. ती पायरीवर थांबली.

"तिला पत्रं तरी यायची का रे?"